सुकतीच्या वाळूतला चौकोन: गोधडीसाठी स्वतःची नक्षी कशी बांधावी

गोधडी शिवायला नव्याने बसलेल्यांचा पहिला प्रश्न नक्षीचा असतो. मोबाईलवर हजारो नमुने आहेत, त्यातला एक उतरवून घेतला की भागतं. हात बसायला तेही चांगलं. पण इथे कोकणात दारासमोर समुद्र, मागे जांभ्याचा सडा आणि परसात फणस असताना आपण थंड मुलखातल्या मेपलच्या पानाचा चौकोन शिवत बसावं, हे मला मनापासून खटकतं. इथल्या वाळूत, पानात, फळाच्या कापात एवढं काही आखून ठेवलेलं आहे की आयुष्यभर गोधड्या शिवल्या तरी संपणार नाही. ते कापडावर कसं आणायचं, ते इथे एका चौकोनाच्या उदाहरणाने सांगते. चौकोन १२ इंचांचा, असे नऊ जोडले की बाळाचं दुपटं होतं. सुई-दोरा धरता येत असेल आणि टेपवरचा पाव इंच ओळखता येत असेल, तर एवढ्या तयारीवर हे जमतं.

आधी बघायचं काय

नवीन माणूस फणस बघतो आणि फणसाचं चित्र काढतो. मग ते चित्र कापडात कापायला जातो आणि अडतो, कारण चित्रात वळणं फार आणि शिवणीला सरळ रेघ सोयीची. म्हणून वस्तूचं चित्र काढू नका. ती वस्तू तशी का झाली, ते शोधा. फणसाच्या सालीवरचा एकेक काटा म्हणजे एकेक फूल. शेकडो फुलं एका दांड्यावर दाटीने वाढली, एकमेकांना रेटत गेली, म्हणून साल अशी पाच-सहा बाजूंच्या घरांची झाली. हे कळलं की फणस बाजूला ठेवता येतो आणि 'दाटीने रेटलेली घरं' एवढंच कापडावर घेता येतं. बघणाऱ्याला फणस आठवला तर छान, नाही आठवला तरी नक्षी भक्कम राहते.

मी उदाहरणाला वाळूतल्या बारीक कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, रांगोळी घेतलीय. समुद्र मागे हटला की सपाट, ओलसर, बारीक वाळूच्या पट्ट्यावर साबुदाण्याएवढे वाळूचे गोळे पसरलेले दिसतात. मध्ये पेन्सिल जाईल एवढं भोक, आणि त्याच्यापासून सगळ्या बाजूंना गोळ्यांच्या ओळी. नखाएवढी कुर्ली भोकातून बाहेर येते, वाळू तोंडाशी धरून तिच्यातलं खाण्याजोगं ते चाळून घेते आणि उरलेल्या वाळूचा गोळा करून मागे टाकते. असं करत ती एका सरळ रेषेत पुढे जाते, परत भोकाशी येते, आणि दुसऱ्या दिशेने निघते. मधली वाट मात्र मोकळी ठेवते. पाखराची सावली पडली तर त्याच वाटेने तिला भोकात पळायचं असतं.

ही पळायची वाट म्हणजे या नक्षीचा नियम. सगळ्या रेषा भोकाशी येतात, कारण जीव वाचवायची जागा तिथे आहे. जवळून पाहिलंत तर आणखी एक गोष्ट दिसेल: भोक सहसा रांगोळीच्या बरोबर मध्यावर नसतं. एका बाजूला शेजारणीची हद्द लागते, तिकडच्या ओळी आखूड राहतात, आणि मोकळ्या बाजूच्या लांबच लांब जातात. आपल्या चौकोनाला जिवंतपणा येणार तो या एका गोष्टीने.

किनाऱ्यावर कधी जावं

रांगोळी बघायची तर सुकती, म्हणजे ओहोटी, हवी आणि उजेड तिरपा हवा. आपल्याकडे भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी बाराच्या आसपास सुकती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे दुपारच्या आधी भरती आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला सुकती. कृष्ण पक्षात तिथी पुन्हा प्रतिपदेपासून मोजायची. हिशेब ठोकळ आहे, पण नक्षी बघायला जाणाऱ्याला पुरतो.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची संध्याकाळ धरा. उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप आत जातं, वाळू भरपूर उघडी पडते, आणि सूर्य खाली असल्याने प्रत्येक गोळ्याची सावली पडते. अष्टमीच्या दुपारीही रांगोळ्या असतात, पण डोक्यावरच्या उन्हात त्या सपाट दिसतात, फोटोत तर नाहीशाच होतात. पाणी हटल्या हटल्या पोचू नका, कुर्ल्यांना कामाला तास-दोन तास द्या.

फोटो बरोबर वरून काढा, शेजारी टेप किंवा चावी ठेवा म्हणजे माप लक्षात राहतं. फोटो काढला तरी वहीत हाताने एक आखणी कराच. हात काय गाळतो आणि काय ठेवतो, त्यातूनच आपली नक्षी ठरते. वहीत तीन गोष्टी टिपून घ्या: रेषा कुठून निघतात, पुन्हा पुन्हा काय येतं, आणि हा क्रम कुठे मोडतो. शेवटचं बहुतेकजण विसरतात.

कागदावर आखणी

ब्राऊन पेपर किंवा जुन्या कॅलेंडरची कोरी पाठ घ्या. तिच्यावर १२ इंचांचा काटकोनी चौकोन आखा. चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे भरले नाहीत तर चौकोन तिरका आहे, पुन्हा आखा. इथे आळस केला तर तो नऊ वेळा शिवून निघतो.

आता भोक. डाव्या बाजूपासून ४ इंच आणि खालच्या बाजूपासून ४ इंच अशा जागी ठिपका द्या. मध्य ६ इंचांवर असता, आपण तो मुद्दाम खाली-डावीकडे सरकवला.

मग चौकोनाच्या प्रत्येक बाजूवर दोन खुणा करा, कोपऱ्यापासून ३ इंचांवर आणि ९ इंचांवर. चार बाजूंच्या मिळून आठ खुणा होतात. प्रत्येक खूण भोकाच्या ठिपक्याला सरळ रेघेने जोडा. आठ तुकडे पडतील: चार कोपऱ्याचे, चार बाजूंचे त्रिकोणी. खाली-डावीकडचे तुकडे आखूड आणि रुंद, वर-उजवीकडचे लांब आणि निमुळते. शेजारणीची हद्द आणि मोकळी वाळू, दोन्ही आपोआप आलं.

खुणा ३ आणि ९ वरच का, हे नीट समजून घ्या, कारण पुढे कुठलीही स्वतःची नक्षी बांधताना हीच युक्ती लागणार आहे. चौकोनाच्या आत काय वाटेल तो वाकडेपणा चालतो. पण काठावरच्या खुणा चारही बाजूंना सारख्या आणि प्रत्येक बाजूच्या दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर असल्या, की चौकोन कसाही फिरवून शेजारच्याला लावा, रेघेला रेघ मिळते. आतून मोकळा, काठावर शिस्तीचा, असा चौकोन बांधायला शिकलात की अर्धं काम झालं.

रेघा कोपऱ्यातून नेल्या नाहीत, त्यालाही कारण आहे. चार चौकोनांचे कोपरे जिथे भेटतात तिथे आधीच शिवणींची जाडी जमते. त्यात आणखी रेघा आल्या तर गाठ होते आणि सुई आत जात नाही.

हीच अडचण भोकापाशी आठपट होते. आठ टोकं एका ठिपक्यावर आणायची म्हणजे अनुभवी हातालाही घाम. म्हणून टोकं आणायचीच नाहीत. ठिपक्याभोवती पाऊण इंच त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि सगळे तुकडे त्या वर्तुळापाशीच संपवा. तिथे खरोखरचं भोक राहील आणि शेवटी त्यावर गडद कापडाची टिकली बसेल.

तुकड्यांना घड्याळाच्या दिशेने १ ते ८ आकडे द्या, प्रत्येकावर काठाची बाजू कोणती ते बाणाने दाखवा, आणि मगच कापा. आकडा असलेली ती कागदाची सुलट बाजू.

कापड आणि रंग

कापड सुती आणि धुतलेलं घ्या. जुनी साडी, लुंगी, परकर, मांजरपाट, काहीही चालेल, पण एका गोधडीत एकाच जाडीचं. जुनं कापड उजेडासमोर धरा. विरलेली जागा लगेच दिसते. मग दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघा. करकर आवाज आला किंवा धागे सरकले तर ते आतल्या थरात घाला, वर नको. नव्या गडद कापडाचा रंग जातो का, हे पांढऱ्या ओल्या फडक्याने चोळून पाहा.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. कोकण म्हटलं की लोक निळा आणि हिरवा उचलतात. वाळूच्या नक्षीला वाळूचेच रंग घ्या. तेही एका जागचे, कारण वाळू सगळीकडे एकसारखी नाही. रत्नागिरीतच मांडवीच्या बाजूची वाळू काळपट आहे, म्हणून त्याला काळा समुद्र म्हणतात, आणि रत्नदुर्ग किल्ल्याच्या पलीकडच्या बाजूला पांढरा समुद्र आहे. मांडवीचा चौकोन शिवायचा तर राखाडी, शिसवी, मळकट पांढरा असे रंग. पांढऱ्या समुद्राचा तर बदामी, साय-रंग, फिका पिवळा. ओल्या वाळूची एक मूठ डबीत आणा आणि कापडं तिच्या शेजारी ठेवून निवडा. वाळू सुकली की फिकी होते, तेव्हा ओली आणि सुकी अशा दोन छटा आयत्याच मिळतात.

तेवढ्या दोनच छटा पुरेत. कोपऱ्याचे चार तुकडे गडद, बाजूचे चार फिके. कापडं शेजारी ठेवून मोबाईलवर कृष्णधवल फोटो काढा. दोन्ही एकसारखी करडी दिसली तर फरक कमी पडतोय, एक बदला. छापील फुलाफुलांचं कापड इथे टाळा, रेघ हरवते. बारीक चौकडा किंवा ठिपका चालतो.

नऊ चौकोनांच्या ३६ इंची दुपट्याला वरच्या थरासाठी दोन छटांच्या दोन जुन्या साड्या भरपूर होतात. तिसऱ्या मऊ साडीतून ४० इंचांचे पाच तुकडे निघतात: एक अस्तराला, दोन आतल्या थराला, आणि दोन शिल्लक.

कापणं आणि जोडणं

कापड उलटं पसरा, त्यावर कागदाचा तुकडा आकड्याची बाजू खाली करून ठेवा. उलट्यावर सुलट ठेवलात तर तुकडा आरशातल्यासारखा फिरतो आणि आठांपैकी सहा आपापल्या आकड्याच्या जागी बसत नाहीत. चौकोनाच्या काठाची बाजू कापडाच्या उभ्या किंवा आडव्या धाग्यावर येऊ द्या. आतल्या तिरक्या बाजू उरेपवर, म्हणजे धाग्याला तिरक्या, जातील, त्याला इलाज नाही, पण त्या ओढू नका. उरेप ताणला की चौकोनाला झोळ येतो.

कागदाभोवती पेन्सिलीने रेघ मारा, ती शिवणीची रेघ. तिच्या बाहेर पाव इंच सोडून कापा. भोकाच्या गोल बाजूला मात्र काही सोडू नका, तिथे रेघेवरच कापा.

जोडताना १ला २, ३ला ४, ५ला ६, ७ला ८. मग १-२ला ३-४, ५-६ला ७-८. दोन अर्धी झाली की उरलेल्या दोन शिवणी. दोन तुकडे सुलट बाजू समोरासमोर ठेवून रेघेवर टाचण्या लावा, एक काठाशी, एक भोकाशी, एक मध्ये. हाताने शिवत असाल तर बारीक धावदोरा घाला आणि दर चार-पाच टाक्यांनी एक टाका मागे घ्या. मशीनवर टीप मारलीत तरी हरकत नाही. सुरुवात मात्र नेहमी काठाकडून करा, म्हणजे काही कमी-जास्त झालंच तर ते भोकाशी येऊन टिकलीखाली जाईल.

सगळ्या शिवणी एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यासारख्या पाडा. इस्त्री ठेवा-उचला, फिरवू नका. तयार चौकोन साडेबारा इंच भरायला हवा. दोराभर कमी-जास्त भरला तर काठ कापून जुळवू नका, तसं केलं की ३ आणि ९ च्या खुणा सरकतात आणि शेजारच्याशी भेट चुकते. जिथे फरक आलाय ती एकच शिवण उसवून पुन्हा घाला.

आता टिकली. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदातून अडीच इंच व्यासाचं वर्तुळ कापा. सर्वांत गडद कापडातून तीन इंचांचं. कापडाच्या कडेने धावदोरा घालून कागद आत ठेवा, दोरा ओढून चुण्या पाठीमागे आवळा, इस्त्री करा आणि कागद काढून घ्या. कच्च्या काठापासून दोन्ही बाजूंनी सव्वाचार इंच मोजून तिचा मध्य तिथे बसवा आणि बारीक तुरपाई करा. कापड कितीही गडद असो, दोरा टिकलीच्या रंगाचाच हवा, नाहीतर कडेला ठिपके उठतात.

नऊ चौकोन मांडून बघा

शिवण्याआधी जमिनीवर मांडा, हा सगळ्यात आनंदाचा भाग आहे. घाई करू नका. सगळी भोकं एकाच कोपऱ्याकडे ठेवली की नक्षी पाण्यासारखी एका दिशेला ओढ घेते. चार चौकोनांची भोकं आतल्या बाजूला वळवली की ती घोळका करून बसतात आणि लांब रेषा बाहेर धावतात. प्रत्येक चौकोन चार दिशांना फिरतो, म्हणजे नुसत्या चारांच्या मांडणीचेच २५६ प्रकार होतात.

आणि एक गोष्ट कागदावर दिसत नाही ती इथे दिसेल. चार गडद कोपरे जिथे भेटतात तिथे चार हातांची, जरा वाकडी चांदणी तयार होते. बाजूचे फिके त्रिकोण पायाला पाय लावून लांबट शंकरपाळ्याचे आकार करतात. हे आपण काढलेलंच नाही, चौकोनांनी आपसात जमवलं. बरेच लोक चौकोन एकटा छान दिसतोय का एवढंच बघतात. गोधडीतला चौकोन शेजाऱ्यांसकट बघायचा असतो, म्हणून मी एका चौकोनावर कधीच निर्णय घेत नाही. किमान चार रंगीत कागदाचे कापून मांडते, तेव्हाच कापडाला कात्री लावते.

मला स्वतःला भोकं थोडी विस्कळीत आवडतात, वाळूत असतात तशी. पण शेजारशेजारच्या तीन चौकोनांत दिशा सारखी आली तर डोळा तिथे अडकतो, तेवढं पाहा. पसंत पडली की वरून फोटो काढून ठेवा, कारण घरात कोणीतरी त्यावरून चालत जाणारच. मग तीन-तीनच्या ओळी जोडा आणि ओळी एकमेकींना. प्रत्येक भेटीच्या खुणेवर टाचणी हवी.

दोरे भरणं

खाली अस्तर उलटं, त्यावर मऊ साडीचे दोन थर, सगळ्यात वर जोडलेले चौकोन. मधून बाहेर हात फिरवत सुरकुत्या काढा आणि वितीवितीवर कच्चे टाके घाला. नुसत्या टाचण्यांवर भागवू नका, मांडीवर घेऊन शिवताना थर सरकतात.

आपल्याकडे बऱ्याच बायका काठापासून आत, चौकोनात चौकोन करत दोरे भरतात. या नक्षीला ते नको. इथे धावदोरा भोकाकडून काठाकडे जाऊ द्या. ओळीत पडलेले आखूड टाके म्हणजे वाळूचे गोळेच. जाड सुती दोरा मेणावरून ओढून घ्या आणि टाका तांदळाच्या दाण्यापेक्षा लांब होऊ देऊ नका. सगळ्या ओळी टिकलीपासूनच काढल्या तर तिथे टाक्यांची गर्दी होऊन कापड आकसतं. एक ओळ टिकलीपासून, पुढची तीन इंच सोडून, त्यापुढची पाच इंचांवरून, अशा आलटूनपालटून काढा. काठाशी दोन ओळींत दीड-दोन इंचांपेक्षा जास्त जागा राहू देऊ नका, नाहीतर धुतल्यावर आतला थर गोळा होतो. आणि मोकळी वाट विसरू नका: शिवणीच्या दोन्ही अंगांना अर्धा-अर्धा इंच टाका घालू नका. भरलेल्या ओळींमध्ये ती पट्टी फुगून वर येते, आणि भोकाशी पळत जाणाऱ्या वाटा हाताला लागतात.

शेवटी काठ सरळ करून अडीच इंच रुंद पट्टी दुमडून लावा. चारही बाजूंचा घेर १४४ इंच होतो, जोड आणि कोपरे धरून १५५ इंच पट्टी तयार ठेवा.

दुसरं काही निवडायचं असेल तर

रीत तीच, नियम शोधण्याची. करमळ, म्हणजे स्टारफ्रूट, आडवं कापा, पाच टोकांची चांदणी मिळते. पण पाच टोकं चौकोनात अवघड बसतात, म्हणून ती वेगळी कापून वरून तुरपाईने लावा. सुपारी कापली की पांढऱ्यात तपकिरी शिरा आत घुसलेल्या दिसतात, त्याला वेड्यावाकड्या निमुळत्या पट्ट्या छान. पुळणीवरच्या मर्यादवेलीचं पान मध्ये खाच पडून दोन पाळ्यांचं झालेलं असतं, दोन अर्धगोल आणि एक देठ एवढ्यात ते उभं राहतं. माडाच्या खोडावर गळलेल्या झावळ्यांचे वळे असतात, कुठे जवळ कुठे लांब. नुसत्या आडव्या पट्ट्यांची नक्षी हवी असेल त्यांनी तिथून सुरुवात करावी, सगळ्यात सोपी ती आहे. शिंपला घ्यायचा असेल तर रिकामा घ्या, आणि पोवळ्याला हात लावू नका, ते १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे.

काम हाती घ्यायला दिवाळीनंतरचे महिने बरे. हवा कोरडी असते, घातलेले थर दमट राहत नाहीत, आणि मिरगाच्या आधी दुपटं धुऊन कडकडीत वाळवून ठेवता येतं. पहिली धुणी रिठ्याच्या पाण्यात, पिळू नका, उलट बाजू वर करून वाळत घाला. पावसाळ्यात ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत भुरी धरते. जुन्या सुती धोतरात गुंडाळून फळीवर ठेवा आणि श्रावणात ऊन पडेल त्या दिवशी बाहेर काढा.